खासदारांना निर्देशांक, कामगारांना निवेदन

डिसेंबर २०२५ मध्ये बुंडेस्टागनं, म्हणजे जर्मनीच्या संसदेनं, पेन्शनचा नवा कायदा मंजूर केला आणि त्याच सुमारास खामगावच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागला. जर्मनीसारखा श्रीमंत देश पेन्शनपायी मेटाकुटीला आला, तिथे सत्ताधारी पक्षाचे खासदारच चान्सलरवर उलटले, आणि आपल्याकडचे ईपीएसवाले, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतले, म्हातारे महिना किमान साडेसात हजार मागत बसलेत, असा त्याचा सूर. खाली भराभर अंगठे पडले. एका वर्गमित्रानं मला उद्देशून लिहिलं, 'तू तं तिकडंच राहतं, सांग नं यायले.'

सांगतो. पण त्याला हवं ते नाही.

इथं वाद झाला हे खरं. चान्सलर मेर्त्स यांच्याच पक्षगटातल्या १८ तरुण खासदारांनी आठवडेच्या आठवडे सरकारचा घाम काढला. कायदा असा, की पंचेचाळीस वर्षं सरासरी पगारावर काम केलेल्या माणसाची पेन्शन २०३१ पर्यंत सरासरी पगाराच्या ४८ टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही. तरुणांचा आक्षेप त्याच्या पुढच्या वर्षांना होता. त्या पातळीवरून पुढं मोजायला लागलो तर सुमारे १२० अब्ज युरोंचा बोजा आमच्या पिढीवर येतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी डी लिंके या डाव्या विरोधी पक्षानं तटस्थ राहायचं जाहीर केलं आणि कायदा पार पडला. मी ती चर्चा ऐकली. भांडण कडाक्याचं होतं. पण पेन्शन वाढायलाच नको, आहे त्या आकड्यावर ती दहा-अकरा वर्षं गोठवून ठेवावी, असं त्या १८ जणांपैकीही कुणी म्हणत नव्हतं. वाढीचा वेग किती आणि आज तिशीत असलेल्यानं त्यासाठी किती सोसायचं, एवढाच प्रश्न होता.

२०२४ च्या १ जुलैला इथली पेन्शन ४.५७ टक्क्यांनी वाढली, २०२५ च्या १ जुलैला ३.७४ टक्क्यांनी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आयुष्यभर बेकरीच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. वाढीचं पत्र आलं की त्या ते फाइलला लावतात आणि नेबेनकोस्टन, म्हणजे भाड्यावरचे देखभालीचे खर्च, का वाढले म्हणून हाउसमाइस्टरशी, इमारतीची देखभाल करणाऱ्याशी, भांडायला जातात. कुठल्या मंत्र्याला निवेदन द्यायला त्यांना जावं लागत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना जावं लागतं. २४ डिसेंबर २०१८ ला बुलढाण्यात ईपीएस-९५ च्या पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केलं. कमांडर अशोक राऊत यांच्या संघर्ष समितीचं ते आंदोलन बुलढाण्यातून निघून दिल्लीपर्यंत गेलं. जंतरमंतर झालं, रामलीला मैदान झालं. मथुरेच्या खासदार हेमामालिनी त्यांचं शिष्टमंडळ घेऊन पंतप्रधानांना भेटून आल्या. लोकसभेत आणि राज्यसभेत कित्येक पक्षांच्या खासदारांनी प्रश्न विचारले. लेखी उत्तर ठरलेलं: ही योजना निधीवर चालते, मूल्यांकनात निधीत तूट दिसते, सरकार आपल्या तिजोरीतून वेतनाच्या १.१६ टक्के घालतंच आहे, शिवाय किमान पेन्शन हजार रुपये केलेली आहे.

ती हजार रुपयांची किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ ची आहे. त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान तीन हजारांची शिफारस केली होती. हेच कोश्यारी पुढं आपले राज्यपाल झाले. त्यांच्या राजभवनातल्या वादांवर महाराष्ट्रात रकानेच्या रकाने लिहिले गेले, या शिफारशीची आठवण फार थोड्यांनी काढली.

देशात ईपीएसचे सुमारे ७८ लाख पेन्शनर आहेत. एसटीचे चालक-वाहक, साखर कारखान्यातले, दूध संघातले, सहकारी बँकांतले, सूतगिरण्यांतले. माझे बाबा यातल्या शेवटच्या गटातले. आमच्या भागातल्या एका सहकारी सूतगिरणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घराचं वेळापत्रक चालायचं. पहिल्या पाळीला बाबा निघाले की आई चुलीशी, दुसरा भोंगा झाला की आम्ही शाळेला. संध्याकाळी घरी आले की बाबांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे आणि माझी बहीण ते फुंकरून काढायची. मग गिरणी बंद पडली, संचालक मंडळं आली नि गेली, थकीत देणी कोर्टात अडकली. उरली ती ही पेन्शन, महिन्याला बाराशेच्या आसपास. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात तेव्हा यंत्रावर त्यांचे ठसे उमटत नाहीत. सूत हाताळून बोटं गुळगुळीत झालेली. मी दरमहा पैसे पाठवतो, त्यातून घर चालतं, औषधं येतात. पण त्या बाराशेंना ते आम्हाला हात लावू देत नाहीत. 'ते माह्या घामाचे हायेत,' एवढंच म्हणतात.

न्यायालयाची भाषाही याहून फार वेगळी नाही. १७ डिसेंबर १९८२ ला, यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, घटनापीठानं नकारा खटल्यात सांगितलं की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे. तो निकाल सरकारी पेन्शनरांचा होता, आणि तो दिवस पेन्शनर दिन म्हणून अजून साजरा होतो. गिरणीतल्या माणसाला तो लागू का होऊ नये, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

आता खासदारांकडे येतो, कारण माझा खरा संताप तिथं आहे. २०१८ च्या वित्त कायद्यानं खासदारांचं वेतन लाख रुपये आणि माजी खासदारांची पेन्शन २५ हजार रुपये केली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद केली: १ एप्रिल २०२३ पासून दर पाच वर्षांनी हे आकडे आयकर कायद्यातल्या महागाई निर्देशांकानुसार वाढतील. त्याप्रमाणे मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि दोन वर्षं मागच्या तारखेपासून वेतन १ लाख २४ हजार झालं, पेन्शन ३१ हजार. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ खासदार राहिलेल्यांना वरच्या प्रत्येक वर्षासाठी आणखी अडीच हजार.

खासदारांना पेन्शन असू नये असं मी म्हणत नाही. इथल्या खासदारांनाही आहे, बुंडेस्टागमधल्या दर वर्षामागं भत्त्याच्या अडीच टक्के या हिशेबानं, आणि त्यावरही लोक चिडतात. ज्या सभागृहाला २०१८ साली समजलं की महागाई आकडा खाऊन टाकते आणि म्हणून वाढ कायद्यातच बांधून ठेवावी, त्या सभागृहाला ७८ लाख लोकांच्या बाबतीत हे का समजत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. तोच निर्देशांक घ्या. २०१४-१५ साठी तो २४० होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. हजार रुपयांचे १,५६७ होतात. फार नाहीत. पण ते कुणाच्याही पाया न पडता, कुणाही मंत्र्याची वेळ न मागता झाले असते.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एकानं हिशेबाचा मुद्दा काढला, आणि तो मुद्दा खरा आहे. ईपीएसमध्ये पेन्शन काढताना वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरनं भागतात. वेतनाची मर्यादा १५ हजार. म्हणजे पस्तीस वर्षं पूर्ण मर्यादेवर भरणाऱ्याला साडेसात हजार मिळतात. मग सरसकट सगळ्यांना किमान साडेसात हजार कसे द्यायचे? ठीक आहे, त्या आकड्यावर चर्चा करा. संघर्ष समितीची ती मागणी आहे आणि मागणी वाटाघाटीत कमी-जास्त होते. पण १५ हजारांची मर्यादा कुणी ठरवली? ती आधी साडेसहा हजार होती, २०१४ ला १५ हजार केली आणि तिथंच सोडून दिली. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, १५ हजारांवर ते साडेबाराशे होतात. त्याहून जास्त भरायची सोय बहुतेक कामगारांना नव्हतीच. आधी कमी भरायला लावायचं आणि मग 'तुम्ही भरलंच किती' म्हणून हिणवायचं, हा न्याय नाही.

मला इथं पगाराच्या ९.३ टक्के भरावे लागतात, तेवढेच माझा मालक भरतो. वर सरकार दरसाल शंभर अब्ज युरोंहून जास्त रक्कम पेन्शन निधीत घालतं. हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत असं वाटत असेल तर १९५७ कडे बघा. देश बेचिराख होऊन बारा वर्षं झाली होती. पगार वाढत होते, पण पेन्शनरांचे आकडे जुनेच, आणि म्हातारी माणसं मागं पडत चालली होती. तेव्हाचे चान्सलर आडेनाउअर यांनी पेन्शन पगारवाढीला जोडायचा कायदा आणला. त्यांचेच अर्थव्यवहारमंत्री एर्हार्ड आणि वित्तमंत्री शेफर या दोघांचाही त्याला विरोध होता. कारण आपल्या कामगार मंत्रालयाच्या उत्तरातलंच: परवडणार नाही. आडेनाउअर हटले नाहीत. जानेवारीत कायदा झाला, पेन्शन एकदम साठेक टक्क्यांनी वाढली, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला निर्विवाद बहुमत मिळालं. त्यांनी हे मतांसाठी केलं असेलही. आपले पुढारी मतांसाठी एवढं काही करतात, त्यात हेही करावं.

आपल्याकडं पेन्शनचा विषय निघाला की सगळा प्रकाश सरकारी कर्मचाऱ्यांवर पडतो. मार्च २०२३ चा महाराष्ट्रातला संप मी इथून रोज पाहिला. माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तीही 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मोर्चात होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांवर अन्याय झालाय हे मला मान्य आहे. केंद्राला नमतं घ्यावं लागलं, १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निम्मं मूळ वेतन, दहा वर्षांनंतर किमान दहा हजार. वहिनीच्या संघटनेला तेही कमी वाटतं. असेल. पण ज्यांच्या संपानं तहसील कचेरी बंद पडते त्यांना किमान दहा हजार, आणि ज्यांची गिरणीच बंद पडली त्यांना किमान एक हजार, हे एकाच घरात, एकाच ताटावर बसून जेवणाऱ्या दोन माणसांच्या बाबतीत घडतंय. वहिनीला मी हे म्हणालो. ती गप्प राहिली, मग म्हणाली, 'भाऊजी, मामंजींच्या बाजूनं कोण संपावर जाणार?'

इथं सगळं सोन्याचं आहे असं कुणी समजू नये. आमच्या स्टेशनवर संध्याकाळी म्हातारी माणसं टॉर्च घेऊन कचऱ्याच्या डब्यांत फांटच्या, म्हणजे परत केल्या की अनामत मिळते अशा, बाटल्या शोधताना दिसतात. ज्या बायकांनी मुलं वाढवण्यात वर्षं घालवली त्यांची पेन्शन तुटपुंजी असते. मी ते रोज बघतो. ग्रुपवरच्या त्या मेसेजमध्ये तसाच एक फोटो होता आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या हसण्यानं मला जे लागलं ते अजून निवलेलं नाही. त्यातल्या निम्म्यांचे वडील त्याच गिरणीत होते.

मी उत्तर दिल्यावर तोच वर्गमित्र म्हणाला, 'तिकडं बसून आमाले काय शिकवतं बे?' हे वाक्य मी नेहमी ऐकतो आणि नेहमी मला ते झोंबतं. कारण त्यात अर्धं खरं आहे. मी इथं पेन्शनला पैसे भरतो, पण पासपोर्ट भारतीय असल्यामुळं बुंडेस्टागसाठी मत देऊ शकत नाही. भारतात मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला त्या दिवशी खामगावात हजर राहावं लागतं, आणि निवडणुका काही माझ्या सुट्ट्या बघून लागत नाहीत. म्हणजे ज्या संसदेच्या भांडणावर माझं म्हातारपण अवलंबून आहे तिथं मला मत नाही, आणि जिच्या उत्तरावर माझ्या बाबांचं आहे तिथं ते द्यायला मी पोचत नाही. दरवर्षी मला पत्र येतं, आतापर्यंत किती जमा झालं, सदुसष्टाव्या वर्षी किती मिळेल. १ मे २०१७ पासून दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यामुळं किमान कालावधीचा प्रश्न आला तर माझी पुण्यातल्या नोकरीची वर्षंही धरली जातील. मी उद्या खामगावात परतलो तरी ही पेन्शन तिथल्या खात्यात येईल. परक्या देशानं मला हे लेखी दिलंय. ते पत्र हातात घेतलं की मला सुरक्षित वाटतं आणि बाबांसमोर उभं राहायला संकोचही वाटतो. मी कुठला, हे मला अशा वेळी सांगता येत नाही. माझं म्हातारपण एका देशाच्या हिशेबात आहे आणि माझा जीव दुसऱ्याच देशाच्या प्रश्नोत्तराच्या तासात अडकलेला आहे.

तरीही बोलणार. खामगावच्या बसस्टँडवर चहा पिणाऱ्याला जेवढा हक्क आहे, तेवढाच मला आहे, कारण त्या बाराशेंवर माझ्या बापाचं नाव आहे.

खासदारांच्या वेतनाची आणि पेन्शनची पुढची वाढ १ एप्रिल २०२८ ला देय आहे. त्यासाठी कुणी उपोषणाला बसणार नाही, प्रश्नही विचारला जाणार नाही, कारण ते कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच्या आत दोन तरी अर्थसंकल्प येतील. ईपीएसची किमान पेन्शन आणि १५ हजारांची वेतनमर्यादा, दोन्हींना तोच निर्देशांक लावायचा, तोही २०१४ पासून. सरकारनं स्वतःहून आणलं नाही, तर खासदारांपैकी कुणीतरी अशासकीय विधेयक आणावं. बुलढाण्यानं सुरुवात केली, तर ते विधेयक विदर्भाच्या खासदारांपैकी कुणी आणावं असं मला वाटतं, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.