पोराची वीत पाळण्यात दिसते

न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलंत, गणपतीची वर्गणी भरलीत, आता सोमवारी ऑफिसात जेट्सच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, नव्या क्वार्टरबॅकबद्दल (चेंडू फेकणारा म्होरक्या तो) मत विचारलं की नुसतं हसून कसं भागेल? घाबरू नका. सोफ्यावर पडल्या पडल्या सचिनचं चुकलेलं फूटवर्क दुरुस्त करणारी आपली जात. इथे फक्त चेंडू लांबुळका आहे.

सर्वांत आधी, पोराचा खेळ बघू नका. त्यात तीन-साडेतीन तास जातात आणि वर मत गढूळ होतं. हात बघा. हस्तरेषा नव्हे हो, वीत! ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजातली पोरं पाळीपाळीने उचलण्याच्या, आधी दरवर्षी इंडियानापोलिसला कंबाइन नावाचा बाजार भरतो. तिथे बाविशीच्या पोरांचा पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घेतात. (बैल घेताना दात मोजतात, त्याला निदान काही कारण असतं.) 2020 मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकची वीत 9 इंच भरली आणि जाणकारांचे चेहरे उतरले. एवढ्याशा हातातून चेंडू निसटणार, तेव्हा निवृत्तीच घेतो म्हणतो, असं त्यानेच चेष्टेत लिहून टाकलं. दुसऱ्याच मोसमात तो बेंगल्स संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. जाईना का. वीत 9 इंचच राहिली ना?

मग धावायला लावा. टॉम ब्रेडीला 40 यार्डांना 5.28 सेकंद लागले होते; 2000 च्या ड्राफ्टमध्ये सहा क्वार्टरबॅक आधी उचलले गेले, तेव्हा कुठे 199व्या क्रमांकाला त्याचं नाव आलं. सात सुपर बोल जिंकला, मान्य. कुणी हे उदाहरण तोंडावर फेकलं तर शांतपणे म्हणायचं, ‘अपवाद.’ हा शब्द कायम खिशात ठेवा, फार कामाला येतो.

बोलण्यात ‘सीलिंग’ आणि ‘फ्लोअर’ हवेत. ‘पोराचं सीलिंग उंच आहे, पण फ्लोअर फार खाली’ याचा अर्थ इतकाच, की पोरगा चांगला निघेल किंवा वाईट निघेल. आपल्याकडचे ज्योतिषी याच्यावर दक्षिणा घेतात.

आणि निकाल लवकर लावा. पुढे दिग्गज ठरलेल्या पेटन मॅनिंगने 1998 मध्ये, पहिल्याच वर्षी, 28 चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. त्याचा कोल्ट्स संघ 16 पैकी 13 सामने हरला. तेव्हा तुम्ही इथे नव्हता, म्हणून तो वाचला.

खरा सराव करायचा तर सॅम डार्नल्डवर करावा. आपल्याच जेट्सचा. 2018 ला तिसऱ्या क्रमांकाला घेतला, वय 20. कारकिर्दीतला पहिलाच पास डेट्रॉइटच्या गड्याने झेलला आणि थेट टचडाउनला, म्हणजे गुणरेषेपार, नेला. रात्र संपेस्तोवर जेट्स 48-17 जिंकले होते, पण ते तुम्ही सांगायचं नाही. पुढच्या वर्षी पेट्रियट्सकडून 33-0 असा धुव्वा उडाला, डार्नल्डचे चार पास पळवले गेले, आणि बाकावर बसून तो पुटपुटला, ‘मला भुतं दिसतायत.’ अंगावर माइक होता. अख्ख्या देशाने ऐकलं. यावर तुम्ही ‘पोरगं मनाने कच्चं’ असा शेरा मारायचा. अंगावर चाल करून येणाऱ्यांना अडवायला पुढची फळी होती का, तीन वर्षांत दोन प्रशिक्षक का घालवले, असले प्रश्न काढू नयेत. विषय वाढतो आणि दोष मालकापर्यंत जातो.

2021 ला जेट्सने त्याला कॅरोलायनाला देऊन टाकलं आणि दुसऱ्या क्रमांकाला झॅक विल्सन आणला. त्याचंही सीलिंग उंच होतं.

डार्नल्ड मग फिरत फिरत सॅन फ्रान्सिस्कोला पोचला, तेही बाकावर बसायला. खेळत होता ब्रॉक पर्डी, म्हणजे 2022 च्या ड्राफ्टमधला 262वा, अगदी शेपटाचा. (अपवाद!) तिथून 2024 ला मिनेसोटाला गेला आणि त्या मोसमात वायकिंग्ज 17 पैकी 14 सामने जिंकले.

आता सोमवारी काय म्हणायचं? ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’ आणि खरंच म्हटलं होतंत की, 2018 च्या एप्रिलमध्ये. मधल्या सहा वर्षांत काय काय म्हणालात त्याची वही कुणी ठेवलेली नाही. ऑफिसातला तो न बोलणारा अकाउंटंट सोडला तर. त्याच्याशेजारी जेवायला बसू नका.