निळा होस्टा आणि कोल्हापूरची सावली

निळसर पानांचा होस्टा हे सावलीतले झाड आहे, तेव्हा कोल्हापुरात जूनमध्ये आंब्याखाली लावा, सावली जितकी दाट तितकी पाने निळी होतात आणि झाड वर्षानुवर्षे टिकते, असा सल्ला सध्या बागप्रेमींमध्ये फिरतो आहे. त्यावर विसंबून लोक महागडे गड्डे मागवत आहेत, म्हणून हे स्पष्टपणे खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी गफलत टिकण्याविषयीची आहे. होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनकडचा. हिवाळ्यात त्याची पाने झडतात, गड्डा सुप्तावस्थेत जातो आणि पुढचे कोंब जोमाने फुटायचे तर त्याला साधारण सहा आठवडे ५ अंश सेल्सिअसच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी मिळावी लागते. कोल्हापुरात ऐन जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा १४-१५ अंशांच्या घरात असतो. पन्हाळ्यावर हवा अधिक गार असली तरी तिथेही ही गरज भागत नाही. नव्या रोपाची पहिली पाने देखणी येतात ती गड्ड्यातल्या साठ्यावर, आणि फोटो नेमके तेव्हाच काढले जातात. पुढच्या वर्षी पाने लहान होतात आणि झाड खंगत जाते.

पानांचा निळेपणा रंगद्रव्यातून येत नाही, तो पानावरच्या मेणाच्या पातळ थराचा असतो. कोबीच्या बाहेरच्या पानावर अंगठा घासला की निळसर राखाडी झाक पुसली जाऊन खालचा साधा हिरवा रंग दिसतो. 'हॅल्सियन' या निळ्या होस्टाच्या जातीच्या पानाचेही तसेच होते. ऊन आणि पावसाचा मारा यांनी हा थर झिजतो, म्हणून थंड देशांतही उन्हाळा सरेपर्यंत ही पाने हिरवट होतात. सावली हा थर जपते, एवढे खरे आहे. मात्र गर्द काळोखात झाडाला पुरेसे अन्नच तयार करता येत नाही. सकाळचे कोवळे ऊन त्याला हवेच.

जूनची लागवड तर घातकच आहे. काळ्या जमिनीत पाणी साचते, भुईमुगाला खोडकुज आणणारी स्क्लेरोशियम बुरशी होस्टाचे देठही बुडातून कुजवते आणि शंखी गोगलगायी उरलेली पाने फस्त करतात.

हौस असेल त्यांनी निचऱ्याच्या मातीत, कुंडीतच होस्टा लावावा आणि हिवाळ्यात पाने सुकल्यावर गड्डा फ्रीजमध्ये ठेवण्याची तयारी ठेवावी. जमिनीवरच निळी झाक हवी असेल, तर सेलाजिनेला अनसिनाटा ही नेच्यासारखी दिसणारी, पसरणारी वनस्पती लावावी. तिला थंडीतली सुप्तावस्था लागत नाही, फक्त उन्हाळ्यात माती सतत ओलसर ठेवावी लागते.