झाकण मिटल्यावर वीज कुठे जाते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मी बनवत असलेल्या ओपन हार्डवेअर लॅपटॉपवरच्या, म्हणजे ज्याचं सर्किट सगळ्यांना खुलं आहे अशा लॅपटॉपवरच्या, माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. चिपची आतली रचना कंपनी गुप्तच ठेवते, मग 'ओपन' कशाला म्हणायचं? तेवढ्या पैशात जुना, मजबूत थिंकपॅड लॅपटॉप येतो. आणि वीज वाचवायची तर कमी वीज खाणारी चिप घ्यावी, त्यासाठी अख्खं सर्किट जगजाहीर करायची गरज नाही. तुम्ही ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये वर्षानुवर्षं पॉवर सप्लाय बनवलेत, म्हणून तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. खरा मतभेद तिथेच आहे.

नुसत्या चिपने लॅपटॉप कमी विजेचा होत नाही. माझ्या लॅपटॉपच्या बोर्डला लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल आहेत, प्रत्येकी 3.2 व्होल्ट आणि 1.8 अँपिअर-तासाचे. म्हणजे साधारण 46 वॉट-तास. बर्लिनच्या एमएनटी रिफॉर्म या ओपन लॅपटॉपमध्येही याच रसायनाचे आठ सेल असतात. आता झाकण मिटल्यावर मशीन 1 वॉट खात असेल, तर दोन दिवसांत बॅटरी रिकामी. तेच 0.1 वॉटवर आणलं तर एकोणीस दिवस. चिप तीच, बॅटरी तीच. फरक पडतो तो चिपच्या बाहेर.

एक उदाहरण देतो. कीबोर्डचा कंट्रोलर झोपेतही जागा लागतो, म्हणून तो कायम चालू असलेल्या 3.3 व्होल्टच्या रेलवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या लाइनवर. त्याच्याशी बोलणारी दुसरी चिप झोपेत बंद. दोघांमधल्या सिग्नलवर 10 किलोओहमचा पुल-अप, म्हणजे सिग्नल वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर आहे, आणि तो चुकून कायम चालू रेलला जोडलेला. मग करंट त्या पुल-अपमधून बंद चिपच्या प्रोटेक्शन डायोडमध्ये शिरतो आणि तिच्या रेलवर जातो. एका सिग्नलवर पाव मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम 1 मिलिवॉट. पण असे वीस-पंचवीस सिग्नल निघाले, तर 0.1 वॉटच्या हिशेबातला चौथा हिस्सा तिथेच गेला. शिवाय ती चिप धड बंदही होत नाही, अर्धवट व्होल्टेजवर लटकते आणि उठवताना रीसेट घेत नाही. सर्किट खुलं नसलेल्या लॅपटॉपमध्ये तुम्ही एकूण करंट मोजाल, पण दोषी रेझिस्टर कोणता हे स्किमॅटिकशिवाय, म्हणजे सर्किटच्या नकाशाशिवाय, कसं शोधणार? नुसता मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावला तर मीटरच्याच शंटवर, म्हणजे करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरवर, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड जागा होताना कोसळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी प्रत्येक रेलमध्ये शंट बोर्डवरच ठेवलाय आणि त्याची टोकं बाहेर काढलीत. कुणीही घरी बसून मोजावं आणि माझं चुकलं तर दाखवावं, यासाठीच सर्किट खुलं आहे.

पडद्याचंही तसंच. बॅकलाइट एकटा दोनेक वॉट खातो. 2007 च्या ओएलपीसी एक्सओ-1 या मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये मेरी लू जेप्सेन यांनी असा पडदा केला, की बॅकलाइट बंद करून भर उन्हात वाचता येई, आणि प्रोसेसर झोपला तरी एक वेगळी चिप चित्र धरून ठेवी. ती युक्ती आजही मला सगळ्यात मोलाची वाटते. पण तसं पॅनेल पन्नास-शंभर नगांसाठी कोण देणार? जे पॅनेल मिळतं तेही वर्ष-दोन वर्षांत बाजारातून जातं, आणि मग कनेक्टरपासून सगळं बदलावं लागतं.

आता चिप. तिथे तुमचं म्हणणं मान्य आहे. रिफॉर्ममध्ये वापरलेल्या एनएक्सपी कंपनीच्या आय.एमएक्स8एम चिपलाही रॅम सुरू करायला एक बंद, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेलं, फर्मवेअर लागतं. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवरचे आपल्याकडचे प्रोसेसर आहेत, माझं त्यांच्याकडे लक्ष आहे. पण रोजच्या लॅपटॉपचं काम झेपेल, पडदा चालवेल अशी चिप हवी आणि ती सुटी विकत मिळायला हवी. तोवर बंद भाग कुठला, हे मी स्किमॅटिकवरच लिहून ठेवतो.

किमतीवर वाद नाही. ऑफिसच्या कामाला मशीन हवं असेल तर थिंकपॅडच घ्या. आठ लेअरचा बोर्ड, रॅमच्या ट्रेसची, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांची, लांबी जुळवणं, बीजीए (खालून सोल्डरच्या गोळ्या असलेल्या चिप) बसवणं, हे थोड्या नगांना महागच पडतं. त्यात आपला पाऊस. नवी मुंबईत महापेला जुलैत चिपचं सीलबंद पाकीट फोडून ठेवलं की चिप हवेतला ओलावा धरते आणि सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लोच्या भट्टीत आतून तडकू शकते. मग आधी ओव्हनमध्ये कित्येक तास तापवा, त्याचे पैसे वेगळे. विकायचं म्हटलं तर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी आहेच, लॅपटॉपची वेगळी आणि बॅटरीची वेगळी.

तुमच्याकडून मला एक मदत हवी आहे. हलक्या लोडवर माझ्या 5 व्होल्टच्या बक कन्व्हर्टरची (व्होल्टेज खाली उतरवणाऱ्या सर्किटची) एफिशियन्सी फार घसरते. इंडक्टर बदलून पाहिला, थोडाच फरक पडला. स्किमॅटिकचं चौथं पान तेवढं बघाल का? कायकॅड या सर्किट आखायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. तुमचा शेरा आला की पुढचा बोर्ड मगच बनवायला टाकतो.