वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी पाडला नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. वसईचा किल्ला पोर्तुगीजांचा, चिमाजीअप्पांनी १७३९ साली तो जमीनदोस्त केला, आता तिथे पडक्या भिंती आणि फोटोशूट, बाकी काही नाही. यातलं पहिलं विधान अर्धवट खरं आहे. उरलेली दोन साफ चूक.

पोर्तुगीजांचा? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तह करून वसई त्यांना दिली. तट, बुरूज, चर्चं त्यांनीच बांधली. पण पुढे किल्ला मराठ्यांकडेही राहिला आणि दुसऱ्या बाजीरावाचा इंग्रजांशी १८०२ चा तह वसईतच झाला. हे विसरून चालणार नाही.

आता जमीनदोस्त करण्याचं. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग लावून सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं. त्या खिंडारातून आत घुसताना आपली किती माणसं पडली, ते आठवलं की आजही पोटात कालवतं. त्यानंतर पोर्तुगीज शरण आले आणि अप्पांनी त्यांना शस्त्रांसह, बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिलं. एवढं रक्त सांडून मिळवलेला किल्ला कोण पाडील? मराठ्यांनी तो राखला, १७८० मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या, हे मान्य करायलाच हवं. १७२१ सालची एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. पडझड पुढची. मुंबई वाढली, वसईचं महत्त्व गेलं, छपरं कोसळली, घडीव दगड लोकांनी उचलून नेले, भिंतींत वड-पिंपळ रुजले.

आणि ‘बाकी काही नाही’ म्हणणाऱ्याने एकदा जेट्टीकडे चालत यावं. रस्ता किल्ल्यातूनच जातो. आत नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे, घोड्यावरचे चिमाजीअप्पा आहेत, मे महिन्यात विजयदिन होतो. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया याच किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांकडे शिकले, १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले. वसईचे ख्रिस्ती आजही त्यांचा सण करतात. तटाबाहेर पाचूबंदरला कोळीवाडा आहे, तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात.

फोटो काढायलाही माझी ना नाही. फक्त फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पायाखाली पाहा. जमिनीतल्या त्या शिळा थडग्यांच्या आहेत. त्यांवरची अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं बुटांनी झिजताहेत. त्यांवर उभं राहू नका.