आत्मस्तुतीचे अडीचशे शब्द

ब्रिटनमधल्या कायम वास्तव्याच्या परवान्याची एक अट अशी आहे की, माणूस सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला की तो परवाना आपोआप रद्द होतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, त्यानंतरचे व्यायाम आणि त्याहीनंतर ‘आता आलीच आहेस तर’ या सदराखाली निघालेली घराची डागडुजी एवढे आटोपून मी त्या मुदतीच्या आत साताऱ्याहून लेस्टरला परतले. निघताना आईने मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि ‘तुला काय, जाताक्षणी नोकरी मिळेल’ हा विश्वास असे तीन जिन्नस बरोबर दिले होते. त्यांपैकी मेतकूट सर्वांत जास्त टिकले.

शहराने मला ओळखले, पण सोयीपुरते. कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे तिथल्या घरपट्टीचे, बिल माझ्या नावावर, अचूक स्पेलिंगसह, पडद्यांना आकडे लागण्यापूर्वीच दारात येऊन पडले. घरात एकटी राहणारी म्हणून त्यात २५ टक्के सूटही मिळाली. माझ्या एकटेपणाची कोणी पैशांत दखल घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग. बाकी सर्वांना मात्र मी कोण, हे पटवून द्यावे लागत होते. घर भाड्याने देणाऱ्या एजंटाला पगाराच्या पावत्या हव्या होत्या आणि पगार देऊ शकणाऱ्यांना आधी घराचा पत्ता हवा होता, तोही मागच्या पाच वर्षांचा, मधे एका महिन्याचीही फट न ठेवता. आमचा साताऱ्याचा पत्ता ‘मंगळवार पेठ, मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीच्या वर’ असा आहे आणि पोस्टमनला तो तोंडपाठ आहे. पडताळणी करणाऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये मात्र घर क्रमांकाची चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. शेवटी तिथल्या एका अत्यंत सभ्य तरुणाने फोन करून विचारले की, ‘गिरणीच्या वर’ हे घराचे नाव समजायचे का. मी हो म्हटले. त्यांच्या दप्तरी आमच्या वास्तूचे नाव आता तेच आहे.

माझे काम गोदामांतल्या मालसाठ्याचे नियोजन करण्याचे, आणि त्या कामाला लेस्टरशायरइतका योग्य मुलूख इंग्लंडात शोधून सापडायचा नाही. एम-१, एम-६ आणि एम-६९ या मोटरवेंच्या मधल्या प्रदेशाला या धंद्यात ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. लटरवर्थजवळच्या मॅग्ना पार्कात तर गोदामांचे एक गावच वसले आहे. इकडे शहरात बेलग्रेव्ह रोडवर सराफांच्या, साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांची रांग आहे, तिला ‘गोल्डन माइल’ म्हणतात. एका अंगाला सोन्याचा त्रिकोण, दुसऱ्या अंगाला सोन्याचा मैल आणि मधोमध, साखरेचा भाव दोन दुकानांत ताडून पाहणारी मी, असा हा भूगोल आहे.

नोकऱ्या आहेत, पण प्रत्येक नोकरीच्या दारात ‘सपोर्टिंग स्टेटमेंट’ नावाचा द्वारपाल उभा असतो. जाहिरातीतल्या एकेका अटीखाली आपण किती थोर आहोत, हे अडीचशे शब्दांत आणि तेही ‘स्टार’ पद्धतीने लिहायचे. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट, म्हणजे संकट कोणते आले, आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण काय केले आणि जग कसे वाचले. हे मागणारे लोक कोण, तर ज्यांच्याकडे उत्तम जेवणाला, उत्तम हवेला आणि बहुधा उत्तम जोडीदारालाही ‘नॉट बॅड’ यापलीकडे प्रशस्तिपत्र मिळत नाही ते. समोरासमोर स्वतःची तारीफ करणाऱ्याला पाहून जे चहाच्या कपात तोंड लपवतात, तेच लोक फॉर्मवर ती मोजून मागतात.

धर्मराजाने गांडीवाची निंदा केली तेव्हा प्रतिज्ञेपायी थोरल्या भावाला मारण्याची वेळ अर्जुनावर आली होती. वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध, अशी पळवाट कृष्णाने काढून दिली. पण अपमान करून झाल्यावर पश्चात्तापाने अर्जुन स्वतःचाच जीव द्यायला निघाला, तेव्हा कृष्ण म्हणाला की स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. अर्जुनाला ती एकदाच करावी लागली. मी रोज रात्री जेवणे उरकल्यावर करते आणि सबमिटचे बटण दाबते.

माझ्या अर्जांतला सर्वांत पराक्रमी प्रसंग असा की, आमच्या गोदामात शेजारशेजारच्या दोन रांगांच्या पाट्यांची अदलाबदल झाली होती आणि त्यामुळे कागदावर मोजे होते तिथे प्रत्यक्षात छत्र्या निघत होत्या. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका मुलाच्या ते लक्षात आले, पर्यवेक्षकाने शिडी आणली, मी पाट्या बदलल्या आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून बिस्किटे खाल्ली. नोकरीविषयक मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी हे वाचून प्रत्येक ‘आम्ही’खाली लाल रेघ मारली. ‘आम्ही’ला गुण नसतात, तिथे ‘मी’ हवे, असे त्या म्हणाल्या. त्यानुसार आता त्या अर्जात मी एकटीच विसंगती हेरते, मी एकटीच तिचे मूळ शोधते, शिडीही माझीच असते. बिस्किटे शब्दमर्यादेत बसली नाहीत.

अर्जातून पार पडले की काही ठिकाणी मुलाखतीला समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला तीस सेकंद मिळतात आणि मग दोन मिनिटे आपल्याच चेहऱ्याकडे पाहत बोलायचे. समोरच्याने मान हलवली, तर आपण बरे बोलतो आहोत की आवरते घ्यावे, याचा अंदाज येतो. इथे मान हलवणारी मीच आणि बोलणारीही मीच, त्यामुळे एकमत फार लवकर होत असे.

नकार मात्र अतिशय लाघवी येतात. अर्जांचा दर्जा या वेळी विलक्षण उंच होता, आपला अनुभव वाचून आम्ही प्रभावित झालो, दुर्दैवाने या खेपेस जमत नाही, पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. आणि खाली, या पत्राला उत्तर देऊ नये. शेजारच्या गुजराती काकांना मी असे एक पत्र दाखवले, तर ते खो-खो हसले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. “बेन, ते वाचेपर्यंत आम्हाला लेस्टर नावाचं गाव आहे हेच ठाऊक नव्हतं,” काका म्हणाले. ते आले, होजिअरीच्या गिरणीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले, मुकादमाने आज रात्रीपासून येतोस का विचारले, त्यांनी हो म्हटले. मुलाखत संपली.

मग त्यांनी माझा छत्र्या-मोज्यांचा अर्ज मागून घेतला, चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला आणि कागद उलटून मागे काही आहे का तेही पाहिले.

“फार सरस लिहिलंय. पण बेन, एवढं सगळं तुम्ही एकट्यानं केलंत, तर त्या गोदामातली बाकीची माणसं पगार कशाचा घेत होती?”

पुढच्या गुरुवारी एका ठिकाणी खऱ्याखुऱ्या माणसांसमोर मुलाखत आहे. हाच प्रश्न तिथे निघाला तर काय सांगायचे, ते मी सध्या स्टार पद्धतीने बसवते आहे.