मत बदल

इंदुरात पोहे थंड निघाले तर गिऱ्हाईक ते निमूटपणे खाते. पण त्यांवर फुकट मिळणारे जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) चिमूटभर कमी पडले, की तेच गिऱ्हाईक दुकानदाराच्या तीन पिढ्यांची नियत काढते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क त्या पैशांइतकाच असतो, फुकटच्या वस्तूवर मात्र तो अमर्याद असतो, हे शास्त्र मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही गेल्या दिवाळीत मी आमच्या संस्थळाच्या, म्हणजे वेबसाइटच्या, धोरण समितीवर जायला होकार दिला, याचा दोष मी फराळाला देतो. चकली तोंडात असताना माणसाला नकार उच्चारता येत नाही.

हे संस्थळ म्हणजे माळव्यातल्या, आणि माळवा सोडून पुण्या-बंगळूरला गेलेल्या, मराठी माणसांचा ओटा आहे. येथे धागे, म्हणजे चर्चेचे विषय, निघतात, त्यांवर प्रतिसाद येतात, कोणी वादाची काडी टाकून दूर उभा राहतो आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसते ते जिलब्या पाडतात, म्हणजे उगाच धागे काढत राहतात. (इतर मराठी संस्थळांवर हा शब्द निंदेचा समजतात. आमच्याकडे जिलबी सकाळी पोह्यांबरोबर लागतेच, त्यामुळे तो कोणी मनाला लावून घेत नाही.) वर्गणी नाही, जाहिरात नाही. सारा खर्च तिघे जण खिशातून करतात. त्यांतला एक आमच्याच वाड्यातला अभियंता मुलगा आहे, जो मला काका म्हणतो आणि त्या नात्याचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेतला.

समितीवर मलाच का घेतले, याचे उत्तर सरळ आहे. नियमांना विरोध करणाऱ्यांत नियम वाचलेला मी एकटाच होतो. गेल्या सात वर्षांत मी हे संस्थळ तीन वेळा कायमचे सोडले आहे. कायमचे सोडण्याची एक रीत असते. जाणारा मुकाट्याने जात नाही. तो निरोपाचा धागा काढतो, त्यात आपण संस्थळाला काय काय दिले याची यादी देतो आणि मग 'थांबा, जाऊ नका' असे प्रतिसाद किती येतात ते दुसऱ्या नावाच्या आयडीने येऊन मोजत बसतो. ते समाधानकारक आले, की सर्वांच्या आग्रहाखातर तो आठवड्याच्या आत परततो. दुसऱ्या वेळी मला आग्रह जरा कमी झाला, तेव्हा दुसऱ्या आयडीने मीच स्वतःला दोनदा थांबवले होते.

नवे धोरण आणण्याचे कारण गुलाब होते. अभियंत्याने एका रविवारी आम्हाला संस्थळाचे भांडार उघडून दाखवले, तेव्हा निम्म्याहून अधिक जागा 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी व्यापलेली निघाली. दवबिंदूंसह गुलाब, कपबशीसह गुलाब, सुविचारासह गुलाब. आणि एकच गुलाब चाळीस जणांनी चढवला, की यंत्र तो चाळीस वेळा जपून ठेवते. जागेचे भाडे दर महिन्याला भरावे लागते आणि ते गुलाब पाठवणारा भरत नाही. म्हणून आम्ही अगदी सौम्य नियम केला की शुभेच्छांची चित्रे एका वेगळ्या विभागात टाकावीत, जेथून ती सात दिवसांनी आपोआप पुसली जातील. बंदी नव्हती. फक्त वेगळे टाकायचे होते.

आता, वेगळे टाकणे ही गोष्ट इंदूरकराला शिकवावी लागेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले येणारे हे शहर आहे. येथे कचरागाडीचे गाणे ऐकू आले, की घराघरांतून माणसे डबे घेऊन धावतात आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक व इलेक्ट्रॉनिक अशा सहा प्रकारांत कचरा बिनचूक टाकतात. जे हात औषधाची बाटली आणि भाजीची देठे यांत गल्लत करत नाहीत, ते गुलाब आणि लेख यांत का करतील, असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मी दुर्दैवाने घोषणेत लिहिला.

पहिला फोन लोकमान्य नगरातल्या काकूंचा आला.

"भाऊसाहेब, मी रोज गणपतीचे चित्र टाकते. ते तुमच्या हिशोबाने ओल्यात जाणार की सुक्यात?"

त्यानंतर दिवसभर माझा फोन मी खाली ठेवू शकलो नाही. मी गणपतीला कचरा म्हणालो, ही बातमी सुदामा नगरापर्यंत पोहोचायला तासही लागला नाही. तेथून ती राजेंद्र नगरात गेली तेव्हा मी तसे दोनदा म्हणालो होतो.

मी समितीसाठी थोडा अभ्यासही केला होता. सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकने मित्रांच्या हालचाली एकाखाली एक दाखवणारी 'न्यूज फीड' सुरू केली, तेव्हा लाखो सदस्य निषेधाच्या गटांत सामील झाले. गंमत अशी की कोणता मित्र त्या गटात गेला, हे बाकीच्यांना त्याच न्यूज फीडमुळे कळत होते. ट्विटरने नोव्हेंबर 2017 मध्ये 140 अक्षरांची मर्यादा दुप्पट करून 280 केली, म्हणजे सदस्यांना फुकटात जास्त दिले, तरी आटोपशीरपणाची गोडी गेली म्हणून ओरड झालीच. यावरून मी समितीला सांगितले की लोक नियमावर रागावत नाहीत, तो काल वेगळा होता यावर रागावतात; म्हणून सगळे नियम एकदमच बदलून टाकावेत, म्हणजे राग एकदाच होईल. समितीने हे मान्य केले. माझ्या आयुष्यात कोणत्याही समितीने मान्य केलेले हे माझे पहिले म्हणणे होते.

त्यामुळे गुलाबांच्या पाठोपाठ दोन नियम आले. प्रतिसादाला किंवा सूचनेला 500 अक्षरांची मर्यादा, आणि कोणत्याही मजकुरावर पहिला प्रतिसाद आला, की तो मजकूर लिहिणाऱ्यालाही बदलता येणार नाही. हा दुसरा नियम खास माझा. वाद हरत आला, की मूळ लेखात हळूच दुरुस्ती करून समोरच्याला वेड्यात काढायचे, ही युक्ती मी अनेक वर्षे वापरली असल्यामुळे तिचा बंदोबस्त कसा करावा हे मला चांगले ठाऊक होते.

खरा भडका मात्र 500 अक्षरांवरून उडाला. अभियंत्याने यंत्राला मर्यादा सांगितली, पण सूचना द्यायला सांगितले नाही. त्यामुळे यंत्र बोलत नसे, नुसते कापत असे. एका ताईंनी गराडूची (माळव्यात तळून खातात त्या कंदाची) पाककृती दिली, तिचे शेवटचे वाक्य "आणि तळताना मुलांना कढईपासून लां" असे संपले. पुढे काय करायचे, यावर 26 प्रतिसाद आले.

रामबागेतले नाना मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचा प्रतिसाद कापला गेला तेव्हा त्यांनी तो वहीत उतरवून, लाल पेन्सिलीने एकेका अक्षरावर टिंब देत मोजला. अक्षरे 240 भरली. ते वही घेऊन माझ्या घरी आले आणि चहाला नको म्हणाले, यावरून प्रकरण गंभीर असल्याचे मी ओळखले. अभियंत्याला बोलावून घेतले. त्याने समजावून सांगितले की नानांना 'लक्ष्मी' या शब्दात दोन अक्षरे दिसत असली तरी यंत्राला सात दिसतात: ल, मग क, मग पाय मोडल्याची खूण, मग ष, पुन्हा पाय मोडल्याची खूण, मग म, आणि शेवटी दीर्घ वेलांटी. 'ज्ञानेश्वर' लिहिले, की चाराचे दहा होतात. 1991 साली युनिकोडची, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीचा हिशोब असाच आहे.

"म्हणजे वेलांटीलाही अक्षराचा दर्जा?" नानांनी विचारले.

"हो नाना. शिवाय साठवताना इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि आपल्या प्रत्येक खुणेला तीन."

नाना बराच वेळ गप्प बसले. इंग्रजाचे अख्खे अक्षर एका खुर्चीत मावते आणि आपल्या नुसत्या वेलांटीला तीन खुर्च्या लागतात, हा आपला अपमान आहे की मान, हे त्यांना ठरवता येईना. "जोडाक्षरे लिहिणाऱ्याला हा दंड आहे," असे शेवटी ते म्हणाले. "शुद्ध लिहिणारा लवकर कापला जाणार आणि अडाणी माणूस पानभर बोलणार." याला अभियंत्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडे तर नव्हतेच, कारण ही मर्यादा ठरवताना आम्ही कोणी एकही शब्द मोजून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नानांनी कानामात्रा नसलेल्या मराठीत निषेध नोंदवला: "ऊठ. बघ. समज. मत बदल."

हा मजकूर यंत्राने निमूटपणे स्वीकारला, पण समितीला तो नोंदवता येईना. मराठीत वाचले तर नाना आम्हाला आमचे मत बदलायला सांगत होते, म्हणजे विरोध. आणि इंदुरी कानांनी वाचले तर 'मत बदल', म्हणजे बदलू नका, म्हणजे चक्क पाठिंबा. तासभर चर्चा झाली, दोन-दोन मते पडली आणि शेवटी मी नानांनाच फोन केला. ते म्हणाले की या नियमाबद्दल असेल तर मराठीत वाचा, आणि यापुढच्या प्रत्येक नियमाबद्दल हिंदीत.

मग निषेधाची बैठक झाली, तीही छप्पन दुकान या खाऊगल्लीत. 23 सदस्य प्रत्यक्ष आले. मी शत्रुपक्षाचा असूनही मला बोलावले होते, कारण मजकडे गाडी आहे आणि तिघांना आणायचे होते. वर्षाला शंभर रुपये वर्गणी ठेवली तर जागेचा प्रश्न सुटेल आणि गुलाबही राहतील, असे मी भीत भीत सुचवताच, मराठी माणसाच्या जिव्हाळ्याला किंमत लावणारा मी कोण, असे मला विचारण्यात आले. त्यानंतर कचोऱ्या आल्या, शिकंजी आली, कोणी गरम गुलाबजाम मागवले, आणि जे बिल झाले ते प्रत्येकाने शंभरापेक्षा जास्त रुपये काढून हसत भरले. मला तर कोणी भरूही दिले नाही.

बैठकीत सामूहिक स्थलांतराचा ठराव मांडला गेला. असे ठराव आम्हाला नवे नाहीत. जिओसिटीज 2009 मध्ये मिटले, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, याहूचे गट डिसेंबर 2020 मध्ये गेले. प्रत्येक ठिकाणाहून आम्ही भांडीकुंडी उचलून पुढे आलो आहोत. पण तेथे घरच पाडले होते. घर उभे असताना रागाने निघालेला माणूस किती लांब जातो, हे आमच्या कुटुंबाने जानेवारी 2021 मध्ये पाहिले. व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या आणि 8 फेब्रुवारीपर्यंत त्या मान्य करा म्हटले, तेव्हा आमची आत्या सर्वांना घेऊन सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर गेली. अर्धे जण चुकून टेलिग्रामवर पोहोचले. मुदत पुढे 15 मेपर्यंत वाढली, पण आत्या त्याआधीच परत आली होती. तिकडे तिच्या शुभ सकाळला कोणी उत्तरच देत नव्हते. ही कथा मी बैठकीत सांगितली, तेव्हा ठराव मागे घेण्यात आला नाही, पण पुढच्या बैठकीपर्यंत लांबणीवर टाकला गेला.

एवढ्यावर निभावले असते. परंतु समितीवर एक अण्णा आहेत, ज्यांनी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली. त्यांनी माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 काढून दाखवले. त्यानुसार तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते, निवारण (फेब्रुवारी 2026 मध्ये नियम बदलण्यापूर्वी) साधारणपणे 15 दिवसांत करावे लागे आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. त्या वेळी माझ्या तोंडात चकलीदेखील नव्हती.

माझा नंबर जाहीर झाल्यापासून माझा दिवस पहाटे पावणेसहाला सुरू होतो. तक्रार करणारे फार थोडे असतात. पोच मागणारे पुष्कळ. एक गृहस्थ तक्रार न करताच पोच मागतात, म्हणजे पुढे केली तर उपयोगी पडेल. नियमांची आठवण सदस्यांना वर्षातून निदान एकदा करून द्यावी, असेही तेव्हा त्या नियमांत होते. म्हणून मी 'कोणताही बदल नाही' असे ठळक लिहून एक ईमेल पाठवले. त्याचा अर्थ सर्वांनी असा लावला की काहीतरी मोठे बदलले आहे आणि ते लपवले जात आहे.

अशात एक तक्रार आली. भाषा कडक, मुद्दे बिनतोड, नियमाचा क्रमांक अचूक. संचालकांना सदस्यांच्या भावनांची चाड नाही, ओटा ज्याचा असेल त्याचा असो, त्यावर बसणाऱ्यांनीच त्याला ओटा केला आहे, असे त्यात म्हटले होते. वाचता वाचता मला पटू लागले. तिसऱ्या परिच्छेदाला मी मान डोलावली आणि चौथ्याला ओळखले की हा 2019 सालचा माझाच निरोपाचा धागा आहे. कोणीतरी तो जसाच्या तसा उचलून, माझी सही तेवढी वगळून, मलाच पाठवला होता.

आपल्याच युक्तिवादाला उत्तर देणे किती कठीण असते, ते मला त्या रात्री समजले. बारा वाजेपर्यंत लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. गुलाबांचे भाडे, युनिकोडचा हिशोब, तिघांच्या खिशांची अवस्था, सर्व मांडून शेवटी मी कार्यालयीन निग्रहाने लिहिले, "सबब सदर नियम तूर्त बदलता येणार नाही," आणि सूचनांच्या विभागात ते प्रसिद्ध करून झोपलो. अक्षरे मोजली नाहीत.

सकाळी पावणेसहाला फोन वाजला नाही. साडेसहाला नाही, सातलाही नाही. मग अभियंता स्वतः दारात आला; हातात पोह्यांचा पुडा आणि जिलबी होती, पण चेहरा सणाचा नव्हता. यंत्राने माझे उत्तर 500 वर कापले होते आणि शेवटचे वाक्य आता असे उभे होते: "सबब सदर नियम तूर्त बदलता येणार ना".

खाली नानांनी "समजूतदार निर्णय" असे जोडाक्षरासह लिहिले होते. रात्रीतून अभिनंदनाचे तीन वेगळे धागे निघाले होते आणि एकावर माझ्या सत्काराची तारीख ठरत होती. मी अभियंत्याला म्हणालो की ती दोन खुणांची 'ही' तेवढी पटकन जोडून टाक.

"काका, पहिला प्रतिसाद आला, की बदलता येत नाही. तुमचाच नियम आहे."

पहिला प्रतिसाद बारा वाजून एक मिनिटाने, लोकमान्य नगरातून आला होता. दवबिंदूंसह गुलाब होता.