हळदीच्या आदल्या दिवशी फेशियल नकोच

लग्नसराई आली की पार्लरमध्ये एकच घाई असते : उद्या हळद, आज फेशियल करून द्या. कृपया असं करू नका. स्क्रब, वाफ, दाबून काढलेले ब्लॅकहेड्स यांची लाली आणि पुरळ बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतं, आणि पुरळावर मेकअप बसत नाही. नेहमीचं फेशियल पाच ते सात दिवस आधी करा. पहिल्यांदाच करणार असाल, तर महिनाभर आधी एकदा करून बघा.

साधं फेशियल तास-सव्वा तासाचं असतं : क्लिन्झिंग, स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स, मसाज, पॅक, शेवटी सनस्क्रीन. पण खरी परीक्षा त्याच्या आधी होते. मुरुमांसाठी काही लावता का, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाच्या गोळ्या चालू आहेत का, आठवड्याभरात वॅक्सिंग किंवा पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं) झालंय का, हे न विचारता थेट क्लिन्झर हातात घेतला जात असेल तर आपणच सांगायचं. रात्री रेटिनॉल किंवा अ‍ॅडापॅलीनचं क्रीम (सुरकुत्या, मुरुमांसाठीचं) लावत असाल तर ते आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर स्क्रबने त्वचा सोलवटते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्क्रब, पील, वॅक्सिंग काहीच नको.

वाफ पाच-सात मिनिटं पुरे, तीही हातभर अंतरावरून. वाफेने रंध्रं ‘उघडत’ नाहीत, आतलं घट्ट तेल मऊ होतं एवढंच. गालांवर लाल रेषा असतील किंवा वांग असेल तर वाफ टाळलेली बरी.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ब्लॅकहेड्स काढताना. सुई किंवा लूप (टोकाला कडी असलेली बारीक सळई) समोर निर्जंतुक केलेली हवी, हातात मोजे हवेत. दोन हलक्या दाबांत निघालं नाही तर सोडून द्यायचं. जोर लावला की आत सूज येते आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. पिकलेल्या फोडाला तर हातच लावू देऊ नका. असे फोड असताना वीस मिनिटांचा तेलकट क्रीमचा मसाजही नको.

मसाजनंतरची चमक खरी असते, पण ती वाढलेल्या रक्तप्रवाहाची आणि ओलाव्याची. एक-दोन दिवसांत ओसरते. ‘गोल्ड’ पॅकेजला दुप्पट पैसे देण्याऐवजी हात चांगला असलेल्या ताईंकडे साधं फेशियल करा, हे माझं ठाम मत. त्याच दिवशी ब्लीच मात्र नको. ब्लीचने लव फिकी होते, त्वचा उजळत नाही, आणि ताज्या स्क्रबवर ते भाजतं.

घरी आल्यावर दिवसभर मेकअप, जिम, ऊन टाळा. सनस्क्रीन दोन बोटांवर मावेल एवढं. थोडी लाली काही तासांत जाते. दोन दिवसांनंतरही जळजळ असेल, पाणी सुटलं किंवा पू झाला, तर शांत करणारा पॅक लावून घ्यायला परत पार्लरमध्ये जाऊ नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.